दाखला, शहादत, पुरावा

२०२० च्या जानेवारीतली गोष्ट. अंधेरी आणि घाटकोपर यांच्या मधल्या पट्ट्यात आमची उर्दू माध्यमाची शाळा आहे. त्या महिन्यात शाळेच्या कचेरीसमोर रोज रांग लागत होती. ३१ ऑगस्ट २०१९ ला आसामची नागरिक नोंदवही प्रसिद्ध झाली होती आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली होती. डिसेंबरमध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा झाला होता. उद्या आपल्याकडेही कागद मागतील, या धास्तीने लोक जुन्या शाळा शोधत निघाले होते. कोणाला नावातली चूक दुरुस्त करून हवी होती, कोणाला वालिदांचा दाखला हवा होता. त्या रांगेत साठी ओलांडलेले एक चाचा होते. मूळचे कोकणातले, आता नालासोपाऱ्याला लेकाकडे राहणारे. खिडकीपाशी येऊन म्हणाले, "सर, माझं नाव तुमच्या बुकात असंल ना?"

नाव होते. १९६४ च्या जनरल रजिस्टरमध्ये, निळी शाई उडून करडी झालेल्या अक्षरांत. जन्मतारीख १ जून १९५८. जन्मस्थळाचा रकाना कोरा. शेऱ्याच्या रकान्यात उर्दूत लिहिले होते, ‘बयान-ए-वालिद’. म्हणजे बापाने तोंडी सांगितले आणि मास्तरांनी लिहून घेतले. चाचांनी तो शेरा दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "एवढं पुरंल ना?"

त्या प्रश्नाने आम्हाला शब्दांच्या मागे लावले. आम्ही इतिहास शिकवतो. ‘पुरावा’ हा शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. पण ‘पुरावा’ आणि ‘पुरेल’ ही एकाच घरची भावंडे आहेत, हे आम्हाला चाचांच्या तोंडून कळले. पुरणे, पुरवणे, पुरावा. जे पुरेसे होते, जे कमी पडत नाही, तो पुरावा. मराठीने हा शब्द आपल्या मातीतून काढला आहे.

उर्दू शाळेत मराठीही बोलणाऱ्या आमच्यासारख्यांची या बाबतीत जरा गंमतच होते. उर्दूत ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश. मराठीत ‘दाखला’ म्हणजे शाळा सोडून जाताना हातात पडणारा कागद. नवा पालक "दाखला पाहिजे" म्हणाला की शिपाई आधी विचारतो, "पोराला आणायचंय की न्यायचंय?" शिवाय मराठीत दाखला म्हणजे उदाहरणही. ‘गवाही’चेही तसेच. उर्दूत गवाही म्हणजे घडलेल्या गोष्टीची साक्ष. मराठीत ‘ग्वाही’ दिली जाते ती बहुतेक पुढाऱ्यांकडून आणि अजून न घडलेल्या गोष्टीची. ‘सबूत’ हा अरबी शब्द ज्या धातूतून आला, त्याचा अर्थ ठाम उभे राहणे. त्याच धातूतून मराठीने ‘शाबीत’ घेतला आणि ‘शाबूत’ही घेतला. उर्दूत जे सिद्ध झाले ते साबित. मराठीत जे मोडले नाही ते शाबूत. दंगलीत घर शाबूत राहिले की नाही असे आपण विचारतो, तेव्हा नकळत सबुताचेच नाव घेत असतो.

या सगळ्यांत सर्वांत जुनी आणि एकमेकींना न भेटलेली जोडी म्हणजे ‘साक्ष’ आणि ‘शहादत’. संस्कृतात अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांनिशी जो होता तो साक्षी. अरबीत शहादतच्या मुळाशी हजर असणे आणि पाहणे हाच अर्थ आहे. कलमा-ए-शहादत आपल्या घरातल्या पोरालाही पाठ असतो, पण ‘मी गवाही देतो’ या शब्दांत माणूस स्वतःला साक्षीदार म्हणून उभा करतो, हे आपण पोरांना क्वचितच सांगतो. दोन्ही भाषांचे म्हणणे एकच. पुराव्याच्या आधी माणूस येतो. तो तिथे होता, त्याने पाहिले आणि तो सांगायला उभा आहे. कागद नंतरचा.

नंतरचा असला तरी कागद दुय्यम नाही. सूरे बकरामधली कर्जाची आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय काय, तर उसनवारीचा कागद. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने नकार देऊ नये, साक्षीदार घ्या, असा तिचा आशय आहे. शेवटी आणखी एक गोष्ट येते आणि तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला इजा पोहोचवू नये. पुराव्याची हिफाजत म्हणजे पुरावा देणाऱ्या माणसाची हिफाजत, ही गोष्ट तिथे कागदाबरोबरच सांगितली आहे. हदीस जमवणाऱ्यांनीही हाच कस लावला. वचन किती सुंदर आहे हे नंतर. आधी ते कोणी कोणाकडून ऐकले, ते दोघे भेटले होते का, सांगणारा सच्चा होता का.

आता आपल्या दख्खनकडे येऊ. सतराव्या-अठराव्या शतकात वतनाचा, जमिनीचा किंवा पाटीलकीचा तंटा लागला की मजलिस भरे. निवाडा ज्या कागदावर होई त्याला ‘महजर’ म्हणत. शब्द अरबी आहे, ‘हाजिर’ याच शब्दाच्या कुळातला. महजराच्या आरंभी तंट्याच्याही आधी ‘हाजीर मजालस’ अशी यादी येते, म्हणजे त्या दिवशी तिथे कोण कोण बसले होते त्यांची नावे. सरकारी अंमलदार, देशमुख, देशपांडे, काजी, आजूबाजूच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन आणि बलुतेदार. बलुतेदारांत मुलाणाही असे. लिहिता न येणाऱ्याची निशाणी काढत. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. मग वादी-प्रतिवादीची ‘तकरीर’. आज उर्दूत तकरीर म्हणजे स्टेजवरचे भाषण, तिथे मात्र ती पक्षकाराची कैफियत होती. निवाडा मानू असे दोन्ही पक्ष आधी लिहून देत, त्या कागदाला ‘राजीनामा’ म्हणत. राजी असल्याचा नामा. हा शब्द नोकरी सोडण्याच्या चिठ्ठीवर कसा येऊन पडला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शिवाजी महाराजांच्या काळात फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. तरी महजर, तकरीर, राजीनामा हे शब्द पेशवाईच्या कागदांतही नांदत राहिले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली आणि गावोगावच्या वाड्यांत पडलेले असे कागद उजेडात आणले. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिला तो अशाच निवाड्यांच्या आधारे. आमच्या नववीच्या मुलांना महजराचा नमुना समजावताना आम्ही एवढेच सांगतो की बाबांनो, हा कागद जमिनीबद्दल बोलायच्या आधी माणसांची हजेरी घेतो.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा इरादा नाही. साक्षीने निभावले नाही तर दिव्य होते, उकळत्या तुपातून धातूचा तुकडा काढायला लावत. हात भाजला की दावा खोटा. मजलिशीत बसणारे बहुतेक वतनदार होते आणि बाईचा शब्द तिथे किती चालत असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. परंतु कागद आणि माणूस यांची गाठ तिथे बांधलेली होती, हे खरे.

पुराव्याचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक जुना ठणका असतो. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आम्हाला डी.एड.ला, बी.एड.ला, घर भाड्याने शोधताना, सगळीकडे विचारला गेला. उत्तर देताना आपली माणसे एक तर चिडतात, नाही तर अरबस्तानातल्या एखाद्या खानदानाशी नाते जोडू लागतात. दोन्हींची गरज नाही. पुरावा आहे आणि तो पश्चिम रेल्वेच्या वाटेवरच सापडला आहे.

डहाणू तालुक्यात चिंचणी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. आता ते पालघर जिल्ह्यात येते. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे काही ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा. भाषा संस्कृत. त्यावरून कळते की संजाण बंदराच्या मंडलाचा कारभार राष्ट्रकूटांनी एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे सोपवला होता. ताम्रपटात त्याचे नाव ‘मधुमती’ असे येते. हा आपला मुहम्मद, असे अभ्यासक मानतात. संस्कृत लिहिणाऱ्याने कानाला जसे लागले तसे गोड करून लिहिले. त्याने संजाणला फुकट नाव चालू केली, अन्नछत्र घातले आणि तिथे भात, कालवण, तूप मिळे, असा तपशील त्यात आहे. मुख्य विषय मात्र निराळाच आहे. अन्नैय नावाच्या एका ब्राह्मणाने तिथे देवीची मठिका बांधली होती. तिच्या दुरुस्तीसाठी आणि देवीच्या नैवेद्यासाठी जमीन तोडून दिल्याची ती सनद आहे. देणारा मुहम्मद, सही-शिक्का राष्ट्रकूटांच्या अमलातला, घेणारी देवीची मठिका.

वर्गात हे सांगितले की मुले आधी हसतात, मग गप्प होतात. आम्हाला त्यातली धर्मसहिष्णुता वगैरे फार ताणायची नाही. कदाचित तो बंदराचा हिशेबी कारभारी असेल आणि वरिष्ठांच्या मर्जीसाठी त्याने सनद दिली असेल. इतिहास शिकवणाऱ्याच्या नजरेतून त्या पत्र्याची किंमत दुसऱ्या कारणाने मोठी आहे. मुसलमान इथे होते हे सिद्ध करायला तो लिहिलेला नाही. तो जमिनीचा कागद आहे. मुहम्मदाचे नाव त्यात ओघाने आले. जो कागद आपली वकिली करायला निघालेला नसतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला सोपे जाते.

आणि त्याला दुसरा साक्षीदारही आहे. बगदादचा अल्-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, या किनाऱ्यावर आला होता. ज्याला तो ‘सैमूर’ म्हणतो ते आपल्या रायगडचे चौल. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांतले काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले आणि काही ‘बयासिरा’, म्हणजे हिंदुस्थानातच जन्मलेले, असे त्याने नोंदले आहे. त्यांच्या आपसातल्या बाबी पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. मसऊदीला चिंचणीचा पत्रा माहीत असण्याचा प्रश्नच नाही, तो दहा वर्षांनी लिहिला गेला. पत्रा कोरणाऱ्याला मसऊदीची किताब माहीत नव्हती. एक अरबी, एक संस्कृत. एक प्रवासी, एक सरकारी कारकून. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकाच किनाऱ्याबद्दल एकच बोलतात, तेव्हा शहादत पूर्ण होते. आणि ‘बयासिरा’ या शब्दाकडे पुन्हा पाहा. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कोकणात जन्मलेल्या मुसलमानांना वेगळे नाव देण्याइतकी त्यांची वस्ती होती.

बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांत आम्ही मुलांची सहल नेतो. मुलांना माकडांत जास्त रस असतो. पण ९० क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर पहलवी लिपीत ओळी आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी बौद्ध लेणी पाहायला आली, त्यांनी दिवस, महिना, साल घालून आपली आणि आपल्या बापांची नावे लिहून ठेवली. आज भिंतीवर नाव कोरणाऱ्या पोरट्याला आम्ही तिथेच दटावतो. तरी हजार वर्षांपूर्वीचे ते कोरणे आता पारशांच्या कोकणातल्या मुक्कामाचा मोलाचा पुरावा आहे. महजराच्या माथ्यावरची ‘हाजीर मजालस’ आठवावी असे ते लिखाण आहे. अमुक दिवशी आम्ही इथे हजर होतो, एवढेच.

इंग्रजी अमलात पुराव्याचा कायदा आला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला तो कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. मराठीत आपण त्याला पुरावा अधिनियम म्हणत आलो. उर्दूत त्याचे नाव कानून-ए-शहादत. एकाच कायद्याला एका भाषेने पुरेपणाचे नाव दिले आणि दुसरीने हजर असलेल्या माणसाचे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, म्हणजे आता तिसरे नाव आणि पुन्हा डोळ्याकडे. १८७२ च्या कायद्यातले २५ वे कलम असे होते की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. गोऱ्या साहेबाला आपल्या पोलिसांबद्दल जे ठाऊक होते, तेच त्याने कलमात लिहिले. नव्या कायद्यातही ते तत्त्व २३ व्या कलमात कायम आहे.

पण महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध जो कायदा केला, त्यात याला फाटा दिला. त्या कायद्याखाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्यांतले दोन आमच्या उपनगरातले, जोगेश्वरी आणि बोरिवली. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. खटला या कायद्याखाली चालला आणि कबुलीजबाब हा त्याचा मोठा आधार होता. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी दिली. एक जण सुटला, अब्दुल वाहिद शेख. ते शाळेत शिक्षक होते. नऊ वर्षे तुरुंगात काढून सुटले आणि उर्दूत ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या सर्वांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर तुरुंगातच वारला होता. न्यायालयाने पुरावे एकेक करून पारखले. स्फोटानंतर शंभराहून अधिक दिवसांनी टॅक्सीवाल्यांना चेहरे आठवणे त्याला पटले नाही. ओळखपरेड घेणाऱ्याला तसा अधिकार राहिला नव्हता. वेगवेगळ्या माणसांच्या कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी नको तितके जुळत होते आणि ते छळ करून घेतल्याचे आरोप न्यायालयाने गांभीर्याने घेतले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र परत आत जायला सांगितले नाही.

चिंचणीच्या पत्र्याबरोबर हे कबुलीजबाब मनात ठेवून पाहावेत. तिथे दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता जुळले, म्हणून विश्वास बसला. इथे सगळे एकाच कोठडीतल्या कागदावर जुळले, म्हणून विश्वास उडाला. कागदावर सही होती, पण सही करणारा माणूस स्वतःच्या मर्जीने तिथे हजर नव्हता. ज्यांची माणसे त्या संध्याकाळी लोकलमधून घरी आलीच नाहीत, त्यांचा हिशेब यातून कुठेच लागला नाही. त्यांत आपल्याही वस्त्यांतली घरे होती. खोटा पुरावा आरोपीइतकाच फिर्यादीलाही लुबाडतो, ही गोष्ट त्या निकालानंतरच्या गदारोळात फार थोड्यांनी बोलून दाखवली.

वस्तीतला ‘पुरावा’ आणखी निराळा. आमच्या विद्यार्थ्यांच्या आयांना हा शब्द शाळेतून नाही, झोपडीच्या पात्रतेतून ठाऊक आहे. "पंच्याण्णवचा पुरावा आहे का?" १९७६ च्या झोपड्यांच्या गणतीनंतर फोटोपास मिळाले. पुढे १ जानेवारी १९९५ ही हद्द ठरली, नंतर १ जानेवारी २०००, मग पैसे भरून २०११ पर्यंतच्यांची सोय. परिशिष्ट-दोनमध्ये नाव आले तर घर, नाही तर रस्ता. लाइटबिल, रेशनकार्ड, मतदारयादी हे सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यात साकीनाका, कुर्ला, कलिना या भागांत दोऱ्यांवर कपड्यांबरोबर कागद वाळत घातलेले होते. वाळले, पण अक्षरे गेली. शेजारच्या खोलीत वीस वर्षे राहणारी बाई ‘ही इथेच होती’ असे शपथेवर सांगायला तयार असली तरी यादी करणाऱ्याला तिचे काम नसते. त्याला कागदच हवा.

आणि आमचे जनरल रजिस्टर? त्याची लाज आम्हीच सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली इतकी माणसे का, हे कोणत्याही जुन्या शिक्षकाला विचारा. शाळा जूनमध्ये उघडत. बापाला पोराची तारीख माहीत नसे, ‘मोठ्या पुरानंतरच्या ईदला झाला’ एवढे माहीत असे. मास्तर वय मोजून १ जून टाकून मोकळे होत. त्या एका फटकाऱ्यावर पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळे चालले. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बिराद मल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या खटल्यात सांगितले की शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख नुसती लिहिलेली आहे म्हणून पुरत नाही. ती कोणी सांगितली, कशावरून सांगितली, हे सांगणारा माणूस लागतो. बी.एड.च्या अभ्यासात हे आम्हाला कोणी शिकवले नाही. आमच्या मते ते प्रत्येक शाळेच्या कचेरीत लावून ठेवावे.

चाचांना आम्ही रजिस्टरात होते तसेच उतरवून दिले. जन्मस्थळाच्या जागी रेघ. त्यांची फार इच्छा होती की तिथे गावाचे नाव घालावे. त्यांनी हात धरला, डोळ्यांत पाणी आले. मुख्याध्यापकांनी नाही म्हटले आणि ते बरोबर होते. आज आपल्या हाताने भरलेला रकाना उद्या कोणी पारखला तर चाचांचा खरा कागदही खोटा ठरला असता. मग आम्ही त्यांना विचारले, तुमच्याबरोबर शिकलेले, तुमचे घर, तुमचे वालिद पाहिलेले कोणी हयात आहे का? चाचा बराच वेळ गप्प राहिले. रजिस्टर उघडेच होते. त्यांच्या खालच्या ओळीत दुसऱ्या एका मुलाचे नाव होते, तारीख तीच १ जून, शेरा तोच. आम्ही ते वाचून दाखवले. चाचा एकदम म्हणाले, "हा तर आमच्या चाळीतला! याच्या आईच्या हातची खीर खाल्लीय मी." ते कुटुंब पुढे मुलुंडला गेल्याचे त्यांनी ऐकले होते. आम्ही ते नाव आणि बापाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून दिले. चाचांनी दाखला आणि चिठ्ठी एकाच पिशवीत घातली, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि मुलुंडला कुठल्या बसने जायचे ते विचारून घेतले.